इनासमिस्त्रींचं लोहचुंबक

इनासमिस्त्रींच्या मनगटावर मी कधी घड्याळ पाहिलं नाही. घड्याळ त्यांच्याकडे होतं. जहाजावर असताना घेतलेलं, चांगलं परदेशी. पण ते वसईजवळ पापडी गावी, घरी कपाटातल्या बिस्किटांच्या डब्यात पडून असायचं. खिशात दिवसभर लोहचुंबक, आणि घड्याळाच्या पोटात स्प्रिंग. दोघं जवळ आली की घड्याळ खुळं होतं, असं ते सांगत. म्हणून दिवसातून तीन-चारदा ते ऑफिसच्या दाराशी येऊन उभे राहत आणि फडक्याला हात पुसत विचारत, "बाय, किती वाजले?" मी सांगितलं की मान डोलवून परत जात. वेळ कळल्यामुळे त्यांच्या कामात काही फरक पडला असं मात्र मला कधी दिसलं नाही.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. वालीवला तेव्हा कारखाने मोजकेच. पत्र्याच्या चार शेड, मग भाताचं एखादं खाचर, मग पुन्हा दोन शेड. आमच्या कारखान्यात इंजिनं आणि गिअरबॉक्स दुरुस्त होत. खाणीवरचे ट्रक येत, वाड्यांमधून केळी आणि भाजी नेणारे टेम्पो येत, आणि नायगावच्या खाडीतल्या मासेमारी बोटींची इंजिनं येत. मालकांना सगळे भाऊ म्हणत. मी तिथे टायपिस्ट होते, आणि सगळ्या कारखान्यात एकटी बाईमाणूस. आमची पापडीला बागायत, पानवेली आणि केळी. विहिरीवरचा पंप सोडला तर यंत्राशी माझा संबंध नव्हता.

आता त्या शेडची आठवण काढली की आधी उजेड दिसतो. छपराच्या पत्र्याला कुठे कुठे भोकं होती. दुपारी त्यातून उन्हाच्या काठ्या खाली उतरत आणि त्यांच्यात बारीक धूळ तरंगत राही. जमिनीवर सांडलेल्या तेलात मोरपिसाचे रंग फिरत. लेथचा आवाज एका सुरात चाललेला असे, आणि त्या सगळ्याच्या मध्ये इनासमिस्त्री डोळे मिटून, एखाद्या इंजिनवर हात ठेवून उभे असत. नवख्या माणसाला वाटे, म्हाताऱ्याला उभ्या उभ्या झोप लागली.

नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी माझ्याकडे एक जाड पांढरा कागद मागितला. मी दिला. तो त्यांनी माझ्याच टेबलावर पसरला आणि खिशातून एक बोल्ट काढला. गिअरबॉक्सच्या तळाशी तेल काढून टाकण्यासाठी असतो तसा. त्याच्या आतल्या टोकाला त्यांनी लेथवर भोक पाडून चिंचोक्याएवढं लोहचुंबक बसवलं होतं, जुन्या रेडिओच्या स्पीकरमधून काढलेलं. ते निसटून गिअरमध्ये पडू नये म्हणून भोवतीचा काठ ठोकून आत वळवला होता. त्या टोकावर काळी, ओली लव जमली होती. मांजराच्या कानातली असते तशी. मिस्त्रींनी ती लव रॉकेलमध्ये धुतली, कागदावर पसरली आणि सुकू दिली. मग दुसरं लोहचुंबक कागदाखाली धरून हळूच फिरवलं. ती लव उठून उभी राहिली आणि वाऱ्यावर गवत हलावं तशी कागदभर चालायला लागली.

मी टायपिंग विसरले. किती वेळ बघत होते कोणास ठाऊक.

मिस्त्रींनी सांगितलं की हे गिअरचं अंग आहे. लोखंडावर लोखंड घासतं, त्याचं पीठ तेलात मिसळतं आणि तेलाबरोबर पुन्हा गिअरमध्येच जाऊन आणखी घासतं. चुंबक त्याला वाटेत धरून ठेवतं. पण त्यांना त्याचा खरा उपयोग वेगळाच वाटे. यंत्र न उघडता त्याच्या पोटातलं दुखणं कळतं. बारीक पीठ निघालं तर काळजी नाही, नवं यंत्रसुद्धा पीठ काढतंच. पण कागदावर चमकणाऱ्या चपट्या कपच्या आल्या, माशाच्या खवल्यांसारख्या, तर आत काहीतरी तुटायला लागलंय.

"पीठ असलं तर झोप," ते म्हणाले, "खवलं दिसलं तर जागा हो."

पुढे कारखान्यातले सगळेच हे वाक्य बोलत. भाऊसुद्धा, कुणाचा हिशेब चुकला की.

तेव्हापासून दर आठवड्याला ते चार-पाच कागद मागून नेऊ लागले. प्रत्येक गाडीचं, प्रत्येक बोटीचं पीठ वेगळ्या कागदावर, वर पातळ चिकटपट्टी. खाली गाडीचा नंबर मी टाईप करून द्यायचे. त्यांच्या कपाटात अशा कागदांच्या सुतळीने बांधलेल्या जुड्या होत्या. एकाच ट्रकचे वर्षभराचे कागद ते ओळीने मांडत आणि त्यावरून बोट फिरवत त्याची कथा सांगत: इथे ड्रायव्हर बदलला, इथे कुणीतरी जास्तीचा माल भरला, इथे तेल उशिरा बदललं. कागद म्हणावे तर काळे डागच. पण ते सांगू लागले की मला त्यांत घाट दिसायचा, खाणीचा रस्ता दिसायचा.

ही विद्या ते जहाजावर शिकले होते. ऐन तरुणपणी नऊ वर्षं ते मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत तेलवाले होते. तिथे तेलाच्या नळीत मनगटाएवढी चुंबकं बसवलेली असत आणि ती रोज काढून पुसायचं काम यांच्याकडे होतं. पहिले सहा महिने यांनी ती नुसती पुसली. एक दिवस जहाजावरच्या एका म्हाताऱ्या इंजिनिअरने यांचा हात धरला, फडकं उलगडायला लावलं आणि त्यावर काय लिहिलंय ते वाच म्हणाला. दोघांची भाषा वेगळी होती, पण एवढं त्यांना कळलं. ही गोष्ट सांगताना मिस्त्रींचा आवाज खाली जाई. बायको गेल्यावर दोन लहान मुलींसाठी ते जहाज सोडून आले होते. मुली आता सासरी होत्या. बायकोबद्दल मात्र ते बोलत नसत.

एकदा खाणीवरचा एक ट्रक आला. ड्रायव्हरला नुसतं तेल बदलून लगेच निघायचं होतं, गाडीत खडी भरलेली होती. मिस्त्रींनी बोल्ट काढला आणि गाडी सोडायला नकार दिला. ड्रायव्हर चिडला. आवाज नाही, गळती नाही, मग कशाला अडवता, असं त्याचं म्हणणं. मिस्त्रींनी वाद घातला नाही. चुंबकावरचा तांदळाच्या दाण्याएवढा एक तुकडा काढून त्यांनी त्याच्या तळहातावर ठेवला आणि आपल्या कामाला निघून गेले. ड्रायव्हर बराच वेळ तळहाताकडे बघत उभा होता. मग त्याने खडी उतरवायला माणसं बोलावली. गिअरबॉक्स उघडला तेव्हा एका दात्याला मुळापर्यंत चीर गेलेली होती. घाटाच्या उतारावर तो दाता सुटला असता तर गाडी आवरली नसती.

अशा गोष्टींमुळे मिस्त्रींच्या शब्दाला वजन आलं होतं. बोटवाले त्यांना विचारल्याशिवाय खाडी सोडत नसत. मलाही वाटायचं, त्या चिंचोक्याएवढ्या लोखंडाला सगळं ठाऊक असतं. हळूहळू मिस्त्रींनाही तसंच वाटू लागलं होतं, असं मला आता वाटतं.

नायगावच्या कोळीवाड्यातले हिराजी तांडेल त्यांचे जुने गिऱ्हाईक. साठीकडे झुकलेला, कमी बोलणारा माणूस. नारळी पौर्णिमा होऊन बोटी पुन्हा पाण्यात उतरल्या होत्या. हिराजींचं म्हणणं, इंजिन सकाळी थंड असताना खालून जड ठोका येतो. मिस्त्री बंदरावर गेले. त्यांनी इंजिन चालू करायला लावलं, हात ठेवून, डोळे मिटून ऐकलं. मग बोल्ट काढला. चुंबकावर फक्त बारीक पीठ होतं. हिराजींनी विचारलं की उघडून बघायचं का. उघडलं तर ऐन हंगामातले चार-पाच दिवस जाणार होते. मिस्त्रींनी पुन्हा एकदा इंजिनवर हात ठेवला, पुन्हा बोल्टाकडे पाहिलं आणि सांगितलं की काही नाही, जा.

बोट तिसऱ्या दिवशी परत यायची होती. ती आली नाही. चौथ्या दिवशीही आली नाही. कारखान्यात बातमी पोचली तशी मिस्त्रींनी हातातलं काम खाली ठेवलं आणि ते नुसते दाराशी येत राहिले. वेळसुद्धा विचारली नाही. पाचव्या दिवशी अर्नाळ्याच्या एका बोटीला हिराजींची बोट लांब समुद्रात भरकटताना दिसली. इंजिन जाम झालेलं. बोटीवर तिघं होते, तिघंही जिवंत. पिण्याचं पाणी संपलं होतं. बरोबरची दोघं तरुण पोरं आठवड्यात सावरली. हिराजींच्या अंगाची कातडी उन्हाने सोलून निघाली होती, आणि ते बोलायचेच थांबले होते.

इंजिन टेम्पोत घालून वालीवला आणलं. ते मिस्त्रींनी एकट्याने उघडलं. मी दारातून बघत होते. क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याला, कवेत धरणाऱ्या बेअरिंगच्या वाट्या असतात, त्यांच्यावरचा मऊ धातूचा थर पार निघून गेला होता. तळाशी उरलेलं तेल मिस्त्रींनी परातीत ओतलं. उन्हाची एक काठी नेमकी त्या परातीत पडली होती आणि ते काळं तेल आतून चमकत होतं. सोनेरी, रुपेरी, देवाच्या जत्रेत मिळणाऱ्या चमकीसारखं. इतकं सुंदर दिसत होतं की क्षणभर माझ्या लक्षातच आलं नाही, आपण काय बघतोय ते.

मिस्त्रींनी त्यात लोहचुंबक बुडवलं आणि फिरवलं. बाहेर काढलं तेव्हा टोक स्वच्छ होतं. पुन्हा बुडवलं. पुन्हा स्वच्छ. मला वाटतं त्यांनी हे दहा-बारा वेळा केलं. चमकी होती तिथेच राहिली. वाट्यांचा तो थर शिशाचा, तांब्याचा, कथलाचा. त्यातलं काहीच चुंबकाला चिकटत नाही. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. विसरले होते.

भाऊ वाईट माणूस नव्हते, पण त्यांना कारखान्याच्या नावाची काळजी होती. त्यांनी मला एक पत्र टाईप करायला सांगितलं. बोटवाल्याने हलकं तेल वापरलं, त्यामुळे इंजिन गेलं, आमची जबाबदारी नाही, अशा अर्थाचं. मी टाईप केलं. नाही म्हणायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पत्र मशीनवर असतानाच मिस्त्री आत आले. ते मराठी सावकाश वाचत, ओठ हलवत. त्यांनी उभ्या उभ्या पूर्ण वाचलं.

"हे पाठवू नको, बाय," ते म्हणाले. "मी रविवारी जाऊन सांगतो. तू येशील? मी कमी बोललो तर उरलेलं तू सांग."

भाऊ त्यांना बराच वेळ समजावत होते. मिस्त्रींनी एवढंच विचारलं की तेल मीच घालून दिलं होतं, मग ते हलकं कसं. भाऊंनी पत्र माझ्या हातून घेतलं आणि घडी करून खिशात टाकलं. त्यानंतर त्या पत्राचा विषय निघाला नाही.

रविवारी चर्चमधली मिसा झाल्यावर मिस्त्री धुतलेला पांढरा सदरा घालून निघाले. मी बरोबर होते. हिराजी घरापुढच्या ओट्यावर बाजेवर बसले होते. चेहऱ्यावर नवी गुलाबी कातडी आली होती. त्यांची बायको काशीबाय सुकत घातलेल्या बोंबलांवरून कावळे हाकत होती. मिस्त्रींना बसायला सांगितलं तरी ते बसले नाहीत.

"ठोका माझ्या कानाला लागला होता, हिराजी," ते म्हणाले. "आत काहीतरी आहे, हे मला कळलं होतं. पण चुंबक साफ होतं, म्हणून मी कानाचं ऐकलं नाही. उघडायला पाहिजे होतं. तू विचारलंस, मीच नको म्हटलं. चूक माझी."

मला पुरवणी जोडायची गरज पडली नाही.

काशीबाय हातातली काठी टेकून उभी राहिली. ती शांतपणे म्हणाली, "आमच्या पोरींनी मला पांढऱ्या कपालाची समजून मिठ्या मारल्या, मिस्त्री. दोन दिस. तुमाला काय ठावं." मिस्त्री खाली बघत उभे राहिले. त्यांनी माफी मागितली नाही. मला वाटतं, ती मागणं म्हणजे समोरच्याला काहीतरी द्यायला लावणं, असं त्यांना वाटलं असावं.

मग हिराजी बोलले. परत आल्यापासून ते घरातही फारसे बोलले नव्हते, हे मला नंतर कळलं.

"मंग तो मॅग्नेट खोटा?"

"खोटा नाही. त्याला जेवढं दिसतं तेवढं तो सांगतो. त्याला सगळं दिसतं असं मी समजलो."

हिराजींनी मान हलवली. हो अशी की नाही अशी, ते कळलं नाही.

त्यानंतर मिस्त्रींच्या कामाची पद्धत बदलली. बोल्ट काढल्यावर चुंबक तर ते बघतच, पण निघालेलं सगळं तेल मलमलच्या पांढऱ्या फडक्यातून गाळू लागले, आणि ते फडकं उन्हात धरून इकडून तिकडून तिरपं करून न्याहाळू लागले. एखादा सोनेरी कण चमकला की काम थांबे. गिऱ्हाइकं कुरकुरत. बोटवाल्यांनी विचारलं की जाऊ का, तर पूर्वीसारखं एका शब्दात उत्तर येत नसे. काय दिसलं ते सांगत, काय दिसू शकत नाही तेही सांगत, आणि मग म्हणत, आता तू ठरव. काही गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. म्हाताऱ्याची नजर गेली, असं म्हणाली.

हिराजींचं इंजिन त्यांनी स्वतः बांधलं. नव्या वाट्या बसवल्या, क्रँक घासून घेतला, आणि थंडी सुरू व्हायच्या सुमारास ते बोटीत परत बसवलं. पण हिराजी बोटीत चढायला तयार नव्हते. खाडीच्या पाण्याकडे बघितलं तरी भोवळ येते म्हणत. बोट ओहोटीला चिखलात बसे, भरतीला उचले, पुन्हा बसे. त्यांचे जावई बोट विकायची म्हणू लागले.

मिस्त्री मात्र दर रविवारी मिसा झाली की नायगावला जात. बोटीत उतरून इंजिन चालू करत आणि बांधलेल्या बोटीतच ते तासभर चालवत ठेवत. हिराजी ओट्यावर बसून असत. दोघांमध्ये बोलणं नसे. इंजिन बंद करून मिस्त्री वर येत, काशीबाय चहा देई, तो पिऊन निघत. पहिल्या दिवशी तिने चहा दिला नव्हता. कितव्या रविवारपासून द्यायला लागली ते मला ठाऊक नाही. मिस्त्रींनाही आठवत नव्हतं.

थंडी गेली, आंब्यांना मोहोर आला. एका सोमवारी मिस्त्री ऑफिसच्या दाराशी आले आणि वेळ न विचारता म्हणाले की हिराजीने काल बाजेवरून विचारलं, इंजिनला एवढा धूर का. धूर नव्हताच. पण त्याने विचारलं. हे सांगताना त्यांचा चेहरा असा झाला होता की मी मान फिरवली.

मार्चमध्ये माझं लग्न ठरलं, नाशिकला. नोकरीचा शेवटचा आठवडा चालू होता तेव्हा मिस्त्रींनी सांगितलं की रविवारी सकाळी जमलं तर बंदरावर ये. हिराजी निघतोय. लांब नाही, खाडीच्या तोंडापर्यंत. त्याची एकच अट आहे, मिस्त्रीने बरोबर यायचं.

लग्नानंतर माझं वसईला येणं सणासुदीपुरतं उरलं. कारखाना पुढे दुसऱ्या कुणी घेतला. इनासमिस्त्री गेल्याचं मला भावाच्या पत्रातून कळलं, तेही चार ओळींत, केळीच्या भावाच्या खाली. हिराजींनी त्यांच्या मयताला खांदा दिला, असं त्यात होतं. पुढची काही वर्षं त्यांची बोट खाडीत येत-जात होती.

पण मी मिस्त्रींना शेवटचं पाहिलं ते त्या रविवारी. भरती पुरती चढली होती. खाडीवर धुकं होतं, पलीकडच्या मिठागरांतल्या मिठाच्या राशी जमिनीवर आहेत की हवेत, ते सांगता येत नव्हतं. मिस्त्री पांढऱ्या सदऱ्यातच आले होते. हिराजींनी बोटीत उतरताना एका हाताने त्यांचा खांदा धरला. दोर सुटला, इंजिन लागलं, आणि बोट धुक्यात शिरली. काशीबाय माझ्या शेजारी उभी होती. थोड्या अंतरावर बोटीच्या मागच्या टोकाला दोन आकृत्या उभ्या राहिल्या. हिराजींनी काहीतरी सांगितलं, आणि आपण सरकून सुकाणू मिस्त्रींच्या हातात दिलं. मिस्त्रींनी ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं. बोट एकदम डावीकडे गेली, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. पाण्यावरून हिराजींचं हसू ऐकू आलं, अगदी जवळून यावं तसं. मग बोट सरळ झाली आणि खाडीच्या तोंडाकडे निघाली.